पाय बाय चारचा उन्हाळा

कूलरच्या जाळ्यांमध्ये नवा वाळा भरला, पंप सुरू केला आणि पहिला ओला, मातकट वास घरभर पसरला की नागपूरकरांना बरं वाटतं. मला मात्र शीतल आठवते आणि माझा जळफळाट सुरू होतो. इतकी वर्षं झाली, दर एप्रिलमध्ये हे असंच होतं. बाहेर ऊन तापतं आणि आत मी तापते.

तिच्या नावातली गंमत माझ्या आधी आईच्या लक्षात आली होती. "भर उन्हाळ्यात घरात शीतल आली," असं ती शेजारणींना कौतुकानं सांगायची. शीतल काटोलची. तिच्या वडिलांची संत्र्याची बाग, जोडीला कलमांची रोपवाटिका, आणि त्यांची नि बाबांची मैत्री कॉलेजपासूनची. आम्ही दोघींनी त्या वर्षी दहावीची परीक्षा दिली होती. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीत प्रताप नगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अकरावीच्या गणिताचा वर्ग घ्यायचे. रोज उन्हातान्हात बसनं ये-जा करण्यापेक्षा पोरीनं सुट्टीभर आमच्याकडेच राहावं, असं दोघा मित्रांनी परस्पर ठरवलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते, कारण मला तिची भीती वाटण्यासारखं काही नव्हतंच. मी वर्गात पहिली येणारी आणि ती गणितात कशीबशी काठावर तरंगणारी. उलट, चला, बाबांना दिसेल तरी आपली लेक काय चीज आहे ते, असं मला वाटलं होतं.

अकरावीच्या गणिताची सुरुवात कोनापासून. तोवर कोन म्हणजे अंश, कंपासपेटीतला पारदर्शक कोनमापक आणि काटकोनात बसलेला चौकोनी ठिपका, एवढंच माहीत होतं. बाबांनी फळ्यावर नुसत्या हातानं एक वर्तुळ काढलं. त्यांचं वर्तुळ इतकं गोल यायचं की नवीन मुलं एकमेकांकडे बघायची. "आता हे अंश जरा बाजूले ठेवा," ते म्हणाले. केंद्रापासून कडेपर्यंतची जी त्रिज्या, तेवढीच लांबी त्या वर्तुळाच्या कडेवर वळवून ठेवायची. तिच्या दोन्ही टोकांपासून केंद्रापर्यंत रेघा ओढायच्या. मधे जो कोन सापडतो तो एक रेडियन. अंशाच्या डोक्यावर छोटं शून्य देतात, रेडियनच्या डोक्यावर छोटा सी. अंशांचे रेडियन करायचे तर पाय बाय एकशे ऐंशीनं गुणायचं, उलट यायचं तर एकशे ऐंशी बाय पायनं. हे सूत्र मी आधीच पाठ करून बसले होते. बाबांनी खडू खाली ठेवून नेहमीसारखं विचारलं, "समजलं?" सगळ्यांत पहिला "हो" माझा होता.

मागच्या सतरंजीवरून शीतलचा आवाज आला, "काका, हा सी म्हणजे सेल्सियस काय?"

सगळा वर्ग हसला. मी जरा जास्तच हसले. बाबा हसले नाहीत. ते फळ्यापासून वळले आणि म्हणाले, "काहून वाटलं तुले तसं?"

"नाही, म्हणजे, तापमानाले पण अंशच म्हणते ना. अन् कोनाले पण अंश. मंग डोक्यावर सी दिसला तं मले वाटलं तोच असंल." ती थांबली. गप्प बसेल तर ती शीतल कसली. "पण काका, आज पेपरात पंचेचाळीस आहे. त्याचं करता येते काय हे रेडियन?"

बाबांनी फळ्यावर पंचेचाळीस लिहिले, पाय बाय एकशे ऐंशीनं गुणले, खाली-वर काट मारली. उरलं पाय बाय चार. ते त्या उत्तराकडे बघत राहिले आणि मग असे हसले की हातातला खडू पडून तुटला. "नागपुरात आज पाय बाय चार तापलं गा!" वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी तिच्यावर नाही. तापमानाचा अंश वेगळा, कोनाचा वेगळा, एकाचं दुसऱ्यात करता येत नाही, हे मी हात वर करून सांगितलं. "बरोबर आहे," बाबा म्हणाले, आणि पुन्हा हसायला लागले.

माझं बरोबर होतं हे मला आजही नमूद करायचं आहे.

त्या दिवसापासून त्या दोघांचा एक खेळ सुरू झाला. सकाळी पेपर आला की शीतल व्हरांड्यातून विचारायची, "काका, काल किती?" चव्वेचाळीस असले की अकरा पाय बाय पंचेचाळीस. बेचाळीस असले की सात पाय बाय तीस. त्रेचाळीसला कशानंच भाग जात नाही म्हणून दोघं त्रेचाळिसावर चिडायचे. पारा पंचेचाळिसाला टेकला की सण असल्यासारखं घरभर ओरडून सांगायचं, आज पाय बाय चार! आई स्वयंपाकघरातून करवादायची, "काय सकाळपासून पाय पाय लावून राहिले? त्या पोरी अनवाणी हिंडून राहिल्या, त्यायचे पाय पाहा आधी." मी त्या खेळात कधीच शिरले नाही. मला कोणी नको म्हटलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या खेळात उशिरा जाऊन भिडू होणं माझ्या स्वभावात नाही.

मराठीत हेवा आहे, मत्सर आहे, असूया आहे. हे सगळे पुस्तकातले शब्द. खरा शब्द जळणं, आणि तो नागपूरच्या मे महिन्यातच कोणाला तरी सुचला असणार. मी तेव्हा जळत होते. शीतलनं माझे फ्रॉक घातले, माझ्या उशीवर तेलाचे डाग पाडले, माझ्या वाटणीचा खरबुजाचा काप आईनं तिच्या ताटलीत टाकला, यातलं काही मला लागलं नाही. बाबा घरात फार कमी बोलायचे. शाळेत बोलून बोलून त्यांचे शब्द संपत असावेत असं मी धरून चालले होते, आणि जे काही उरत असेल ते माझं. प्रगतिपुस्तक दाखवलं की ते म्हणायचे, "छान." तो एक शब्द मी वर्षभर पुरवून वापरायचे. आता कळलं की शब्द भरपूर होते. हसूही होतं. फक्त ते मला मिळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शीतलनं आणखी एक प्रश्न काढला. "काका, आमच्या शाळेत शिकवलं, पाय म्हणजे तीन पॉइंट चौदा. अन् इथं तुम्ही म्हणता पाय म्हणजे एकशे ऐंशी. मंग खरा पाय कोणता?"

हा प्रश्न मूर्खासारखा आहे असं मला मनापासून वाटलं. सूत्र आहे, गुणायचं, उत्तर येतं, आणखी काय हवं? बाबांनी तिला फळ्यावर समजावलं. तिला नाही कळलं. पुन्हा समजावलं. पुन्हा नाही. बाकीची मुलं घरी गेली, मी आत जाऊन पाणी प्यायले, बाहेर आले, आत गेले, तरी दोघं फळ्यासमोरच. बाबांच्या पाठीवर घामानं सदरा चिकटला होता आणि ते थकलेले नव्हते. एखाद्याला एखादी गोष्ट कळत नाही याचा त्यांना इतका आनंद होऊ शकतो, हे मी पंधरा वर्षं त्यांच्या घरात राहून पाहिलेलं नव्हतं.

उत्तर तिला गच्चीवर सापडलं. वाळवणाचे दिवस होते. आईनं एका जुन्या धोतरावर उडदाचे पापड पसरले होते आणि बाजूला बाजेवर ओल्या शेवया टाकल्या होत्या. आम्ही दोघी राखणीला बसलो होतो, चिमण्या हाकलायला. शीतलनं एक ओली शेवई उचलली, पापडाच्या मधोमध तिचं टोक ठेवलं आणि कडेपर्यंत येताच नखानं तोडली. मग तोच तुकडा उचलून पापडाच्या कडेवर वळवून बसवला. तेवढाच दुसरा तोडला, पुढे लावला. तिसरा. तीन तुकड्यांत ती जवळजवळ अर्ध्या पापडाला पोचली आणि थोडीशी कड मोकळी राहिली. ती त्या मोकळ्या जागेकडे बघत बसली. मग जिन्याकडे धावली आणि वरूनच ओरडली, "काका! या ना वर! तीन बसते अन् थोडंसं उरते! अर्ध्या गोलात तीन अन् थोडंसं!"

बाबा अनवाणीच वर आले. गच्ची तव्यासारखी तापली होती. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत त्या पापडापाशी पोचले आणि उकिडवे बसले. "उरते ते किती?" त्यांनी विचारलं.

"चौदा," ती म्हणाली. "पॉइंट चौदा. हाच तो पाय. अर्ध्या गोलात त्रिज्या किती बसते तं पाय. अन् अर्धा गोल अंशात मोजला तं एकशे ऐंशी. एकच वळण हो काका, फक्त मोजाचं माप बदललं."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आई वर आली तेव्हा पापडाला चिकटलेल्या शेवया बघून तिनं कपाळाला हात लावला. "अवं, खाण्याच्या जिनसा आहे त्या. उद्या तळू कसा मी हा?" तो पापड कोणीच तळला नाही, कारण बाबांनी तो वर्गात नेला आणि तिथे तो तुटला. मी त्या वेळी चिमण्या हाकलत होते. माझं काम तेच होतं आणि मी ते नीट केलं.

धड्याच्या शेवटी बाबांनी चाचणी घेतली. मला पैकीच्या पैकी मिळाले. माझ्या पेपरवर तांबड्या शाईत एक बरोबरची खूण आणि खाली "छान". शीतलला निम्मेही नव्हते. तिच्या पेपरवर समासात, ओळींच्या मधे, पाठीमागच्या कोऱ्या बाजूला, सगळीकडे बाबांचं तांबडं अक्षर. छोटी वर्तुळं, बाण, "इथे थांबून विचार कर", "इथपर्यंत फार सुंदर". माझ्या पेपरवर सुंदर हा शब्द कधीच आला नव्हता. सुंदर चुकलेल्याला मिळतं, हे मला तेव्हा कळलं. मुद्दाम चुकावं असंही एकदा मनात आलं, पण माझ्या हाताला ते जमलं नाही.

सुट्टी संपता संपता बाबा तिला स्कूटरवरून बसस्टँडवर सोडून आले. निघताना ती आईच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्याही. तिचं माझ्यावर खरंच प्रेम होतं, हा त्यातला सगळ्यात त्रासदायक भाग. बाबा परत आले, हातपाय धुऊन कूलरसमोर बसले आणि पेपर उघडला. तापमान त्यांनी वाचलं असणार, पण मोठ्यानं काही म्हणाले नाहीत. मी शेजारच्या खोलीत होते. आता ते मला हाक मारतील म्हणून मी बराच वेळ जागची हलले नाही. त्यांनी पान उलटलं.

आता सगळं उलटसुलट झालं आहे असं कोणालाही वाटेल. शीतल गणितात पुढे काहीच झाली नाही. काटोललाच तिनं वडिलांची रोपवाटिका वाढवली, संत्र्याची कलमं विकते, आणि त्यात ती खूश आहे. मी इंजिनिअर झाले. विमानतळाजवळच्या मिहान उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत विमानाच्या सुट्या भागांची चित्रं संगणकावर करणारा गट माझ्या हाताखाली आहे. आई गेल्यापासून बाबा माझ्याजवळ असतात, त्याच प्रताप नगरातल्या घरात. त्यांची औषधं मी देते, चष्मा मी शोधते. म्हणजे कुठल्याही मापानं मोजा, जिंकले मीच. आणि तरी आठवड्यातून एकदा काटोलहून फोन येतो, बाबा टीव्हीचा आवाज बंद करतात, आणि मी हातातलं भांडं जरा जोरात आपटते.

"काका, झाडाच्या खोडाले पाणी लागू नाही म्हणून दोन आळी करतो आम्ही, एकात एक. बाहेरच्या आळ्यातून गोल नळी फिरवाची. खोडापासून तीन फुटावर. किती नळी घेऊ?" हिला हे येत नसेल? हजारो झाडं लावलेली बाई आहे ती. पण विचारते. आणि बाबा पाठकोऱ्या कागदावर वर्तुळ काढतात, आता हात थरथरतो, तरी गोलच येतं. "सहा वेळा तीन अन् वरून थोडी. एकोणीस फूट घे वं, जोडाले लागते." फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा उजळलेला असतो. त्या उजेडात मी त्यांना गोळी देते आणि ते पाण्याबरोबर मुकाट गिळतात.

रेडियनमध्ये एक बोध दडलेला आहे हे मला दिसतं. वर्तुळाला वर्तुळाच्याच त्रिज्येनं मोजावं, दुसऱ्याच्या पट्टीनं मोजू नये, असं काहीतरी. एखाद्या शांत बाईनं ते कधीच मनावर घेतलं असतं. मी अजून त्या वयाला पोचलेले नाही.

या एप्रिलमध्ये आमच्या ऑफिसात नवीन लागलेली एक मुलगी रडकुंडीला आली होती. तिनं लिहिलेल्या प्रोग्राममध्ये एक भाग तीस अंशांतून फिरवायचा होता आणि तो भलतीकडेच वळत होता. साइन तीस म्हणजे अर्धा. तिचं उत्तर उणे एकच्या आसपास येत होतं. मी उभ्या उभ्याच बघितलं. "संगणकाला रेडियन लागतात. तू अंश दिलेस. आधी पाय बाय एकशे ऐंशीनं गुण." भाग जागेवर बसला. मुलीनं डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "थँक्यू मॅडम. पण त्याले रेडियनच काहून लागते? तीस किती साधं आहे!"

मी म्हणाले, "तसंच असतं." आणि माझ्या जागेवर येऊन बसले. संध्याकाळी गाडीत एसी लावून घरी येताना मला ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. तसंच असतं. इतकी वर्षं मी पाय बाय एकशे ऐंशीनं गुणत आले होते आणि का, ते मला माहीत नव्हतं.

बाबा कूलरसमोर वेताच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. मी पर्स ठेवली आणि चहाही न करता त्यांच्यासमोर उभी राहिले. "बाबा, मुळात रेडियन कशाला लागतो? अंशांनी काम भागत होतं की."

त्यांनी पेपर खाली केला. "तुले माहीत नाही?"

"नाही."

"मंग तेव्हा विचारलं काहून नाही?"

"तुम्ही तिला शिकवत होता."

हे माझ्या तोंडून असं सरळ बाहेर पडेल असं मला वाटलं नव्हतं. बाबा साधेपणानं म्हणाले, "तू तं दरवेळी समजलं म्हणे. समजलेल्याजवळ मास्तर कशाले बसंल?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते खरंच तसं समजत होते, इतकी वर्षं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही मी गिळलं, कारण बाबांनी पेपरच्या कोपऱ्यावर वर्तुळ काढायला घेतलं होतं.

"तीनशे साठ अंश माणसानं ठरवले. चारशे ठरवले असते तं चारशे राहिले असते. रेडियन कोणी ठरवला नाही, तो वर्तुळाच्या अंगातलाच आहे. आता हा कोन पाह्य, अगदी बारका. ही कडेची वळलेली रेघ. अन् ही टोकावरून खाली सोडलेली सरळ रेघ, ही तुझी साइन. फरक दिसते काय दोघींत?"

"नाही."

"नाही ना. म्हणजे बारका कोन असला की कोन जेवढा, साइन जवळजवळ तेवढीच. पण हे कधी? कोन रेडियनमध्ये मोजला तंच. अंशात मोजला की दर वेळी मधात पाय बाय एकशे ऐंशी येऊन उभा. दलाल आहे तो. माल तुमचा, गिऱ्हाईक तुमचं, पण त्याची दलाली दिल्याशिवाय काम होत नाही. रेडियनमध्ये मधात कोणी नाही."

मला राहवलं नाही. "हे दलालाचं शीतलनं सांगितलं असेल तुम्हाला."

"छे वं," बाबा म्हणाले. "आत्ता सुचलं. तुले सांगता सांगता." आणि ते हसले. पेन त्यांच्या बोटांतून निसटून जमिनीवर पडलं. मी ते उचलून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा वर सारला, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "समजलं?"

समजलं होतं. इतकं लख्ख मला शाळेत, कॉलेजात, कुठेच काही समजलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "पुन्हा सांगा."

बाबांनी खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली.